बोलणाऱ्यांची ददात नाही

विनोदी लिहिणाऱ्या स्त्रीविषयी आपल्या समाजाची अशी एक ठाम समजूत आहे की, तिच्या पदराला विनोद गाठी मारून बांधलेले असतात, आणि कोणीही, कोणत्याही प्रसंगी, पूर्वसूचना न देता हात पुढे केला असता तिने त्यांतली एखादी गाठ मुकाट्याने सोडावी. बारशाला पाळण्याची दोरी हाती घेतली असताना, मुंजीत भिक्षावळ चालू असताना, डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर, आणि एकदा तर प्रत्यक्ष तेराव्याच्या पंगतीत, "आता तुम्हीच काहीतरी बोला हो, म्हणजे वातावरण जरा हलकं होईल," अशी विनंती मला झालेली आहे. ज्यांचे तेरावे होते त्या गृहस्थांनी हयातीत माझ्या एकाही विनोदाला दाद दिली नव्हती. तेव्हा त्यांच्या पश्चात हा प्रयोग करणे मला अप्रशस्त वाटले. परंतु यजमानीणबाईंना हा युक्तिवाद पटला नाही, आणि "एवढं काय अडून बसायचं बाई!" असे पुटपुटत त्यांनी माझ्या पानात वाढू घातलेला दुसरा लाडू पुन्हा ताटात ठेवला.

या व्यवसायाची आर्थिक बाजू त्याहून करुण आहे. पुरुष विनोदी वक्ता आला म्हणजे त्यास शाल, श्रीफळ आणि बंद पाकीट देण्याचा शिरस्ता आहे. मला मात्र व्याख्यान संपताच आत बोलावून, पाटावर बसवून, माझी ओटी भरण्यात येते. पाकिटाविषयी चौकशी करण्याचे धैर्य मी एकदा केले, तेव्हा कार्यवाह अत्यंत प्रेमाने म्हणाले,

"अहो, तुम्ही काय, घरच्याच!"

"पण गेल्या महिन्यात ते नागपूरचे वक्ते आले होते, त्यांना—"

"ते बाहेरचे."

परिणामी माझ्या कपाटात आज इतके खण साठले आहेत की, एखाद्या बेताच्या संस्थानातील समस्त दासींच्या चोळ्या त्यांत निघाव्यात. आणि वाणी तर खण घेऊन तूरडाळ देत नाही.

अशा परिस्थितीत आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी 'काहीतरी एकपात्री' करण्याचे फर्मान अध्यक्षाबाईंकडून सुटले, आणि नकाराची सोय नसल्यामुळे मी तोंड पाडून बसले असता माझा भाचा मदतीला धावला. मोबाइल माझ्या कानाशी धरून तो म्हणाला, "आत्या, तू ही ऐक."

"कोण आहे ही?"

"जॉइस ग्रेनफेल. नटी, गायिका, रेडिओवाली, लेखिका. रंगमंचावर एकटी उभी राहून लोकांना हसवायची."

"पैसे मिळत होते?"

"भरपूर."

"मग ऐकते," मी म्हणाले.

ग्रेनफेलबाईंच्या चरित्राचा मी जसजसा अभ्यास केला, तसतशी माझ्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. ज्याला आपण कारकीर्द म्हणतो ती या बाईंनी कधी योजनापूर्वक आरंभिलीच नाही. ती त्यांच्यावर जेवणाच्या टेबलापाशी गुदरली. १० फेब्रुवारी १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पॉल फिप्स हे वास्तुशिल्पज्ञ, आई नोरा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया प्रांतातली, आणि आईची सख्खी बहीण म्हणजे १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटात आसनस्थ झालेली पहिली स्त्री-सभासद, लेडी नॅन्सी ॲस्टर. ज्या घरातील मावशी भर पार्लमेंटात सहाशे पुरुषांना पुरून उरत होती, त्या घरात बोलणाऱ्यांची ददात असण्याचे कारण नव्हते. तेथे तुटवडा असलाच तर ऐकणाऱ्यांचा असणार, आणि ती रिकामी जागा या भाचीने बिनबोभाट बळकाविली. पुढे नाट्यशिक्षणासाठी त्या लंडनच्या राजमान्य नाट्य अकादमीत दाखल झाल्या, आणि एका सत्रातच तेथून बाहेर पडल्या. १९२९ साली त्यांनी रेजी ग्रेनफेल नामक हिशेबनिसाशी विवाह केला. विनोद करणाऱ्या स्त्रीने हिशेब जाणणारा नवरा करावा, हा या चरित्रातील मला सर्वाधिक अनुकरणीय वाटलेला भाग होय. परंतु ती मुदत माझ्या बाबतीत केव्हाच टळून गेली आहे.

१९३६ साली या बाईंच्या नशिबाने पहिले वळण घेतले. 'ऑब्झर्व्हर' हे वृत्तपत्र ॲस्टर घराण्याच्या मालकीचे, आणि त्याचे संपादक गार्विन हे ॲस्टरांच्या क्लिव्हडन येथील वाड्यावर भोजनास येत असत. तेथे ग्रेनफेलबाई रेडिओवर ऐकलेल्या कार्यक्रमांविषयी त्यांच्याशी आत्मीयतेने बोलल्या, आणि यथावकाश त्या पत्राच्या रेडिओ-टीकाकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. म्हणजे घरी बसून रेडिओ ऐकायचा, त्यावर मत द्यायचे आणि त्याबद्दल वेतन घ्यायचे.

ही हकीकत मी घरात वाचून दाखविली तेव्हा "आपल्याकडे बायका हेच काम फुकट करतात," असा शेरा ह्यांनी मारला. तो अन्यायाचा आहे, कारण आमच्या घरी रेडिओ कोणी ऐकत नाही; तो फक्त लावला जातो. सकाळी ह्यांची दाढी, सासूबाईंची पूजा आणि माझी फोडणी ही तिन्ही कृत्ये रेडिओ लागल्याखेरीज सुरू होत नाहीत, आणि सुरू झाल्यावर त्यांच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही. एकदा उसावरील खोडकिडीचे निवारण या विषयावर कोणी तज्ज्ञ मोठ्या कळकळीने बोलत होते. सासूबाईंनी देवघरातून विचारले, "कोण आजारी आहे?" ह्यांनी न्हाणीघरातून उत्तर दिले, "ऊस!" सासूबाईंना 'सूस' ऐकू आले, आणि सूस गावी त्यांची मावसबहीण राहत असल्यामुळे दुपारपर्यंत मला पिशवीत मोसंबी भरून तिकडे पाठविण्याची तजवीज पूर्ण झाली. बहीण ठणठणीत होती. "पण आलीस ते बरं झालं," असे म्हणून तिने माझ्याकडून भरल्या वांग्यांचा मसाला वाटून घेतला, आणि मोसंबीही ठेवून घेतली.

दुसरे वळण जानेवारी १९३९ मधले, आणि तेही भोजनोत्तरच. स्टीफन पॉटर या रेडिओ-निर्मात्याच्या घरी जेवणे आटोपल्यावर ग्रेनफेलबाईंनी मंडळींची करमणूक म्हणून, खेड्यातल्या महिला संस्थेत त्यांनी ऐकलेल्या एका व्याख्यातीची नक्कल केली. ती व्याख्याती, निरुपयोगी वस्तूंपासून उपयुक्त आणि स्वीकारार्ह भेटवस्तू कशा बनवाव्यात, याचे पाठ देत असे. बीच वृक्षाच्या फळांची रिकामी टरफले जुळवून कोटाला लावावयाचे फूल तयार करणे, ही तिच्या कलेची परिसीमा होती. पाहुण्यांत हर्बर्ट फार्जन हे नाट्यलेखक होते. त्यांनी ही नक्कल आपल्या 'लिटल रिव्ह्यू' या कार्यक्रमासाठी मागून घेतली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात, रंगभूमीचा काडीमात्र अनुभव नसलेली एकोणतीस वर्षांची ही विवाहिता लंडनच्या व्यावसायिक रंगमंचावर उभी राहिली.

हे वाचून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले, कारण ही व्याख्याती मी ओळखत होते. प्रत्येक महिला मंडळ ओळखते. 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाने तिची प्रात्यक्षिके दर श्रावणात होत असतात. फुटक्या बांगड्यांचे तोरण, जुन्या लग्नपत्रिकांची पंखी, आणि नारळाच्या करवंटीला शर्टाच्या बटणांचे डोळे डकवून केलेले घुबड, या तिच्या निर्मितीने मध्यमवर्गीय महाराष्ट्राची शोकेसे व्यापलेली आहेत. असले एक घुबड आमच्या घरीही आहे. त्याचा एक डोळा पांढरा व दुसरा तपकिरी असल्यामुळे ते सतत संशयाने पाहत असल्याचा भास होतो. परंतु ज्या बाईंनी ते दिले त्या वरचेवर येत असल्याने ते बडतर्फ करता येत नाही.

तेव्हा वर्धापनदिनासाठी विषय मुक्रर झाला, आणि शिल्लक राहिला तो अभ्यास. ग्रेनफेलबाईंची सारी मातब्बरी ऐकण्यात होती. माणूस शब्द कोठे गिळतो, कोठे लांबवितो, मनातले टाळण्यासाठी भलतेच काय बोलतो, हे त्या टिपून ठेवीत. स्टीफन पॉटर यांच्यासमवेत त्यांनी बीबीसीवर 'हाऊ' या नावाने विनोदी कार्यक्रमांची जी मालिका केली, तिच्यातील 'कसे ऐकावे' हा भाग २९ सप्टेंबर १९४६ रोजी बीबीसीच्या 'थर्ड प्रोग्रॅम' या नव्या केंद्राच्या उद्घाटनाला पहिला कार्यक्रम म्हणून प्रक्षेपित झाला. विद्वज्जनांसाठी उघडलेल्या केंद्रावरून सर्वांत आधी ऐकावे कसे हे शिकवावे लागले, यावरून विद्वानांची त्या देशातील स्थितीही आपल्यासारखीच असावी.

मीही ऐकण्याचा निर्धार करून बाहेर पडले. परंतु जे लंडनमध्ये साधते ते आपल्याकडे साधत नाही, याचे कारण असे की, मराठी मुलखात स्त्री गप्प बसली की तिची चौकशी सुरू होते. दवाखान्यात मी कान देऊन बसले, तो शेजारच्या आजींनी "बाळ, घरी काही झालं का ग?" असे विचारले, मी "नाही" म्हणताच "म्हणजे झालंय," असा निर्णय देऊन त्यांनी समोरच्या रांगेतील सर्वांना माझ्याविषयी दोन धीराचे शब्द बोलावयास लावले. मंडईत मी मेथीच्या ढिगापाशी स्तब्ध उभी राहिले, तो भाजीवाली म्हणाली, "ताई, घ्यायची असंल तर घ्या, न्हाईतर जुडीकडं बघून ती स्वस्त व्हत न्हाई."

अखेर बसमध्ये दैव अनुकूल झाले. पुढच्या आसनावरील एक बाई शेजारणीला आपल्या नणंदेची कैफियत सांगत होत्या. सासूबाईंच्या पाटल्या वन्संनी लग्नापुरत्या म्हणून नेल्या होत्या. लग्न होऊन त्या घरात नातू आला तरी पाटल्या आल्या नव्हत्या. शेवटी परवा वन्सं स्वतः आल्या, हातात लाल फडक्यात बांधलेले काहीतरी होते, आणि फडके सोडून बघतात तो— येथे थांबा आला व बाई उतरल्या. कोणत्याही विचारी माणसाने केले असते तेच मी केले, मीही उतरले. बाई भरभर चालू लागल्या, मीही चालू लागले. कोपऱ्यावर त्या गर्रकन वळल्या.

"काय हो, माझ्या मागे का येताय मघापासून?"

"छे, मी सहज—"

"कुठे राहता तुम्ही?"

"इथेच. म्हणजे, जवळच. तसं लांब आहे."

"पर्स मागते का ही?" एका दुकानदाराने आतून विचारले. जमलेल्या मंडळींसमोर मी विनोदी लेखिका असल्याचा खुलासा केला. त्यावर एकाने "मग काहीतरी विनोदी बोलून दाखवा," अशी मागणी करून माझी ओळख पटविण्याची तजवीज केली, आणि मला काहीही सुचले नाही. फडक्यात काय होते हे मला आजतागायत समजलेले नाही.

वर्धापनदिन उजाडला. 'टाकाऊतून टिकाऊ' सादर करण्यास मी उभी राहिले, तो पहिल्याच रांगेत, अगदी मधोमध, घुबड देणाऱ्या बाई! पाय लटपटले, परंतु उपाय नव्हता. त्यांची मान कलती करण्याची लकब, "आता हे आपण फेकून देतो की नाही? देतो. फेकायचं का? नाही!" ही त्यांची स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देण्याची धाटणी, गोंदाचे बोट पदराला पुसण्याची सवय, सारे मी करून दाखविले. बाई सर्वांत मोठ्याने हसत होत्या. कार्यक्रम संपताच त्या डोळे पुसत आत आल्या.

"काय नक्कल केलीत हो! त्या आपल्या कोपऱ्यावरच्या बाई अगदी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. तश्शाच बोलतात मेल्या! बरं, आपलं घुबड नीट आहे ना? त्याला जोडी करतेय मी."

मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच जिला मी जन्मात पाहिलेली नव्हती अशी एक बाई तणतणत आली, आणि "सगळ्यांच्या देखत माझी टवाळी करायला तुम्हाला लाज कशी वाटली नाही?" असा सवाल तिने केला. माझी-तुमची ओळखच नाही, हा माझा जबाब अध्यक्षाबाईंनी नामंजूर करून मला तिची माफी मागावयास लावली.

उत्तरार्धात मी बालवाडीचा प्रवेश योजला होता. ग्रेनफेलबाईंचा तो सर्वांत गाजलेला प्रकार. रंगमंचावर एकटी शिक्षिका, पुढ्यात अदृश्य मुले. आवाजातला गोडवा कायम ठेवून ती एकेका मुलाची समजूत घालते आहे, आणि मध्येच जॉर्ज नावाच्या पोराला, तू ते करतोस ते करू नकोस, असे बजावते. जॉर्ज नेमके काय करतो, हे त्या कधीच सांगत नाहीत. क्षणभर थांबतात, त्या क्षणात शिक्षिकेचे स्मित तेवढेच राहते आणि संयम तेवढा सुटू लागतो, आणि प्रेक्षागृहातील प्रत्येक माणूस आपापल्या मनातला जॉर्ज पाहून हसतो. पुढे १९७७ साली त्यांनी या प्रवेशांचा संग्रह केला, तो जॉर्जच्याच नावे.

मी जॉर्जच्या ठिकाणी बंड्याची स्थापना केली, आणि "बंड्या, ते नाही हं करायचं," असे म्हणून मोठ्या कलात्मकतेने थांबले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून पृच्छा झाली, "पण करत काय होता तो?"

"ते सांगायचं नसतं," मी हळूच म्हणाले.

"सांगायचं नाही तर मग काढलंत कशाला?"

"आमचा नातू परवा दुधाच्या पातेल्यात बसला," चौथ्या रांगेने भर घातली. "हे काहीच नाही," पाचवी रांग उभी राहिली, "आमच्या चिन्मयने आजोबांची कवळी..." आणि पुढचा पाऊण तास माझे एकपात्री पन्नासपात्री होऊन गेले. मी खुर्चीवर बसून ऐकत राहिले. कार्यक्रम अत्यंत रंगल्याची नोंद इतिवृत्तात आहे. माझे नाव त्यात नाही.

ग्रेनफेलबाईंना श्रोतृवर्ग नेहमी चांगला लाभला असे मात्र समजू नये. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी त्या व्हायोला टनार्ड या पियानोवादिकेसह देशोदेशी हिंडल्या, आणि १९४४-४५ च्या त्या दौऱ्यांत उत्तर आफ्रिका, इटली, इजिप्त, इराक यांच्याबरोबर आपल्या हिंदुस्थानचीही हजेरी त्यांना घ्यावी लागली. इस्पितळातील खाटांमध्ये पियानो ढकलीत न्यावयाचा, ज्यांचे हातपाय जायबंदी झाले आहेत त्यांच्यापुढे गावयाचे, आणि खाटेशी बसून त्यांचे ऐकावयाचे. अशा ठिकाणी टाळी वाजविण्यासही काहींना दोन हात नसत. तेथून आलेल्या बाईला लंडनच्या नाट्यगृहाची भीती वाटणार ती कसली! १९५४ साली 'जॉइस ग्रेनफेल रिक्वेस्ट्स द प्लेझर' हा त्यांचा खेळ फॉर्च्यून थिएटरात लागला, पुढल्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. आणि त्याच सुमारास सेंट ट्रिनियन्स या उच्छृंखल मुलींच्या शाळेवरील चित्रपटांत, क्रीडाशिक्षिकेचे सोंग घेऊन हेरगिरी करणारी उंचनिंच, गोंधळलेली पोलीस रूबी गेट्स म्हणून त्या घरोघर पोहोचल्या.

परंतु त्यांच्या श्रवणशक्तीची खरी कसोटी सरकारने घेतली. १९६० साली ब्रिटनमधील नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी सर हॅरी पिल्किंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, आणि तीत इंग्लंडचा माजी फुटबॉल-कर्णधार बिली राइट याच्याबरोबर ग्रेनफेलबाईंचीही नियुक्ती झाली. साक्षी, निवेदने, दरखास्ती व दफ्तरे यांचा दोन वर्षे फडशा पाडून १९६२ साली समितीने जो अहवाल सादर केला, त्यातून बीबीसीची दुसरी दूरचित्रवाणी वाहिनी निघाली. एक स्त्री दोन वर्षे सरकारी समितीत बसून जागी राहिली, यावर आमच्या मंडळात कोणाचा विश्वास बसला नाही. आमच्या समित्यांत ठराव वाचून होण्यापूर्वीच सूचक व अनुमोदक यांच्यात साबुदाणा कोणत्या दुकानचा भिजतो यावर मतभेद होऊन सभा तहकूब होते.

१९७३ साली डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि बाईंनी रंगभूमीचा निरोप घेतला. लेखणी मात्र खाली ठेवली नाही. १९७६ साली आत्मचरित्र, १९७९ साली त्याचा दुसरा भाग, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला निधन. १९९८ साली ब्रिटिश टपाल खात्याने पाच विनोदवीरांची तिकिटे काढली. त्यांत चार पुरुष होते, आणि एक या.

माझ्या स्वतःच्या तिकिटाविषयी टपाल खात्याकडून अद्याप विचारणा आलेली नाही, आणि येईल तेव्हा तिकिटाऐवजी खणच येईल अशी मला शंका आहे. परंतु वाचकहो, आपणांस एक विनंती अवश्य करते. बसमध्ये, दवाखान्यात वा मंडईत आपल्या शेजारी एखादी बाई काही न बोलता बसलेली दिसली, तर तिची चौकशी करू नका आणि आपले बोलणेही आखडते घेऊ नका. निर्धास्तपणे, सविस्तर आणि शेवटपर्यंत बोला. ती उद्या आपली नक्कल करील हे खरे, पण भिण्याचे काही कारण नाही. आपण पहिल्या रांगेत बसून पोट धरधरून हसाल, आणि ती नक्कल कोपऱ्यावरच्या बाईंची आहे असे सर्वांना सांगाल.